एलपीजी फोर्कलिफ्टची टाकी नीट कशी बदलायची, आणि बॅटरी-डिझेल कुठं परवडतं

चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या गोडाऊनवर काम करतोय, आमच्याकडं गॅस, बॅटरी, डिझेल तिन्ही गाड्या आहेत, नवीन पोरं सारखी विचारतात म्हणून लिहितोय.

गॅसवाल्या गाडीला डिझेलसारखं ओतायचं नसतं, अख्खी टाकी बदलायची. पाच मिनिटांचं काम, पण घाई नको. गाडी उघड्यावर काढा, बिडी, वेल्डिंग आणि गटारापासून लांब. गटार का, तर एलपीजीतला प्रोपेन वायू हवेच्या जवळपास दीडपट जड, लीक झाला की उडून जात नाही, जमिनीवरून पसरत जाऊन खड्ड्यात, चेंबरमध्ये साठतो. फोर्क खाली टेकवा, हँडब्रेक लावा, आणि इंजिन चालू ठेवूनच टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. गाडी आपोआप बंद पडली म्हणजे पाइपातला गॅस संपला, मग चावी काढा आणि त्यानंतरच पाइप सोडून जुनी टाकी उतरवा.

हे टाळून आमच्या एका पोरानं डायरेक्ट पाइप सोडला, उरलेला गॅस फुस्सकन हातावर आला आणि बोटं पांढरीफटक पडली. प्रोपेन उणे 42 अंशालाच उकळतं, बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी ते बर्फासारखं भाजतं. तेव्हापासून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मी कुणाला टाकीला हात लावू देत नाही.

नवी टाकी ठेवायच्या आधी कपलिंगमधलं (पाइप टाकीला जोडायचा जोड) रबरी रिंग बोटानं चाचपून बघा, चिरलेलं असेल तर बदला. टाकीच्या कडेला एक भोक असतं, ते गाडीच्या पिनवर बसलंच पाहिजे. आडव्या टाकीत गॅस पातळ स्वरूपात खालून ओढला जातो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की गॅस सोडणारा) वर राहावा लागतो, टाकी फिरून बसली तर दोन्ही बिघडतं. म्हणूनच घरातलं लाल सिलिंडर जोडायचं कधीच नाही, ते वरून वाफ देतं, आणि तसं वापरणं बेकायदा पण आहे. पट्टा आवळा, कपलिंग हातानंच घट्ट करा, पान्हा नको. व्हॉल्व्ह हळू उघडा, झटक्यात उघडला तर गॅस एकदम सुटू नये म्हणून आत असलेला दुसरा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो आणि गाडी चालू होत नाही. शेवटी कपलिंगला साबणाचं पाणी लावा. बारीक बुडबुडा जरी फुगला तरी परत बंद करून बघायचं. भरलेल्या टाक्या सावलीत, मोकळ्या हवेत, आपल्या उन्हात पत्र्याला टेकवून अजिबात नको.

आता बॅटरी. धूर नाही, आवाज नाही, टॉवेलला वास लागत नाही, बंद गोडाऊनला मी तीच सांगेन. पण लेड-अ‍ॅसिडला चार्जिंगला साधारण आठ तास, नंतर थंड व्हायला तेवढेच, म्हणजे दोन शिफ्ट असतील तर दुसरी बॅटरी लागतेच. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, खिडक्या उघड्या ठेवा, डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच घाला. लिथियमला हे लफडं नाही, चहाच्या सुट्टीतसुद्धा थोडी चार्ज होते, फक्त घेताना पैसे जास्त.

डिझेल यार्डातच ठेवा, सुताच्या गाठी उतरवायला ताकद चांगली, आत आणलं तर सगळा माल काळवंडतो. गॅसची गाडी आत-बाहेर दोन्ही चालते, पण दारं लावून चालवू नका, तिच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, ड्रायव्हरचं डोकं दुखायला लागलं की आधी शटर उघडून त्याला बाहेर काढा.