पोर्ट ओपन केलाय तरी साइट येत नाहीये? या चुका टाळा

"पोर्ट ४४३ ओपन केलाय, तरी साइट येत नाहीये" असं कोणी म्हटलं (४४३ म्हणजे सर्व्हरचं एचटीटीपीएसचं, सुरक्षित साइटचं दार) की मी आता पहिला प्रश्न एकच विचारतो, ब्राउझर नुसता गोल गोल फिरतोय की लगेच तोंडावर एरर फेकतोय? फिरून फिरून टाइमआउट आला तर बहुतेक वेळा वाटेत कुठेतरी फायरवॉल (नको ती कनेक्शनं अडवणारा पहारा) पॅकेट गिळतेय. लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा पॅकेट मशीनपर्यंत पोचलंय पण त्या पोर्टवर कोणी ऐकत बसलेलंच नाहीये. हे न बघता लोक तासन्‌तास एंजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग फाइल उलटीपालटी करत बसतात, बिचारीचा काही गुन्हा नसताना.

टाइमआउट असेल तर आधी हे लक्षात घ्या की क्लाउड सर्व्हरला बऱ्याचदा दोन फायरवॉल असतात, एक मशीनच्या आत (उबंटूवर यूएफडब्ल्यू) आणि दुसरी प्रोव्हायडरच्या पॅनलमध्ये, तिला कुठे सिक्युरिटी ग्रुप म्हणतात. आतली उघडतात, बाहेरची विसरतात. वर टेस्ट कुठून करतात तर सर्व्हरवरच लॉगिन करून, लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनला, कर्ल कमांड मारून! अहो ते पॅकेट बाहेरच्या दारातून आलंच नाही ना. मोबाइलचं वायफाय बंद करा, डेटावर साइट उघडून बघा.

सर्व्हर घरी ठेवला असेल तर राउटरच्या पेजवर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला काहीतरी असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतेय, पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून कोणी येणार नाही. कंपनीकडे स्वतःचा पब्लिक आयपी मागा नाहीतर टनेल (सर्व्हरनेच आतून बाहेर काढलेली वाट) वापरा.

रिफ्यूज्ड असेल तर सर्व्हरवर 'एसएस' कमांडने कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते बघा. ४४३ च्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर तो फक्त स्वतःशीच बोलतोय, तिथे ०.०.०.० किंवा सर्व्हरचा खरा आयपी पाहिजे. ४४३ दिसतच नसेल तर कॉन्फिग टेस्ट करून रीलोड मारायचं राहिलंय का ते बघा, हे माझंही दोनदा झालंय.

तिसरा प्रकार, कनेक्शन होतं पण फायरफॉक्स 'रेकॉर्ड टू लाँग' म्हणतो. मेसेज भयानक वाटतो, पण कारण बहुतेक वेळा साधं असतं: लिसन ४४३ लिहिलं आणि पुढे एसएसएल हा शब्द राहिला, म्हणजे सुरक्षित पोर्टवर साधं एचटीटीपी चाललंय.

डॉकर (अ‍ॅप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांचा त्रास बरोबर उलटा. यूएफडब्ल्यूमध्ये पोर्ट बंद दिसतो आणि बाहेरून मात्र सताड उघडा, कारण डॉकर स्वतःचे नियम परस्पर घालतो. पुढे एंजिनएक्स असेल तर कंटेनरचा पोर्ट १२७.०.०.१ लाच बांधा. आणि हो, यूएफडब्ल्यू चालू करायच्या आधी एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची वाट) अलाउ करा, नाहीतर स्वतःच बाहेर.

आता माझा पराक्रम. आमच्या मंडळाची वर्गणीची साइट मी सेट केली, सगळं एचटीटीपीएसवर, मग हुशारी सुचली की ८० (साध्या एचटीटीपीचा पोर्ट) कशाला उघडा ठेवायचा, केला बंद. एचटीटीपीएसला लागणारं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने दिलेलं सर्टिफिकेट तेव्हा ९० दिवसांचं, आणि एचटीटीपी पद्धतीने रिन्यू करताना त्यांची तपासणी ८० वरच येते, दुसरा पोर्ट देता येत नाही. ते रिन्यू करणारा सर्टबॉट प्रोग्राम महिनाभर आधीपासून गुपचूप फेल होत होता, लॉग कोण बघतोय! एक्स्पायरीचे मेल पाठवणं लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासूनच बंद केलंय. ऐन गणपतीत सकाळी खजिनदार काकांचा फोन, "अरे, लोकं म्हणतायत साइट चोरांची आहे, लाल पाटी येतेय."

८० उघडला, रिन्यूची कमांड मारली, एंजिनएक्स रीलोड केला, पाच मिनिटांचं काम. आता ८० उघडाच असतो, फक्त ४४३ वर रीडायरेक्ट करतो, आणि महिन्यातून एकदा सर्टबॉटचं ड्राय रन, म्हणजे रिन्यूची रंगीत तालीम, मारून बघतो. काका मात्र अजून वर्गणी रोखच घेतात.