रवि वर्मा प्रेसचं जुनं चित्र ओळखायचं कसं?

घरातल्या जुन्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरीला लगेच 'ओरिजिनल रवि वर्मा' म्हणून मोकळे होऊ नका. सहीवरही जाऊ नका, मूळ पेंटिंगमधली सही प्रिंटमध्ये जशीच्या तशी उतरते. आधी बघायची ती खालची पांढरी कड, जिथे चित्राचं आणि प्रेसचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं. फ्रेमवाले नेमकी हीच कड माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली) दडपतात नाहीतर सरळ कापून टाकतात (डोक्याला हात लावायची वेळ येते), त्यामुळे फ्रेम मागून उघडा, पण कागद काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका.

आता पत्ता वाचा. प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाली, मशिनं आणि कारागीर जर्मनीचे, पण मुंबईत प्लेग, डोक्यावर कर्ज, शेवटी १८९९ च्या सुमारास सगळा पसारा लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. म्हणजे कडेवर कार्ला-लोणावळा किंवा मळवली असेल तर चित्र त्यानंतरचं. पुढे काही वर्षांतच रवि वर्मांनी प्रेस फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकली, चित्रं छापायच्या हक्कांसकट. रवि वर्मा १९०६ ला गेले, छपाई मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं चालू होती, त्यामुळे दुकानदार 'त्यांच्या देखरेखीखाली छापलेलं' म्हणाला की गालात हसायचं आणि भाव कमी करायला लावायचा. बाय द वे, दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाच्या आधी या प्रेससाठी फोटो-लिथोचं (फोटोच्या मदतीने दगडावर चित्र उतरवायचं) काम केलंय.

कड कापलेलीच असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि चेहऱ्याचा, हाताचा रंग बघा. लिथोमध्ये, म्हणजे दगडावरून केलेल्या या प्रेसच्या छपाईत, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर कारागिराने हाताने टिंब टिंब करून उलटं चित्र काढायचं, म्हणून ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ दिसतात. एका मापाच्या जाळीत ओळीने बसलेले, फुलासारखे गोल करून असलेले ठिपके दिसले तर ते नंतरचं ऑफसेट (नव्या पद्धतीची यंत्रछपाई), मग वरची फ्रेम शंभर वर्षं जुनी का असेना.

साडीवर जरीचे धागे, टिकल्या चिकटवलेल्या दिसल्या तर उपटू नका, तेव्हा लोक हौसेने देवीला सजवायचे, बरेच कलेक्टर तशीच शोधत असतात. आणि ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, वरचं व्हार्निश पांढुरकं पडतं, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे.