फवारणीच्या लहान बूथसाठी सुरक्षित वायुवीजन

घरच्या वर्कशॉपमध्ये लॅकर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) फवारण्यासाठी लहान बूथ, म्हणजे तुषार आणि वाफ ओढून बाहेर टाकणारा कप्पा, करायचा म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी फॅनकडे जाते. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. बाहेर टाकलेल्या हवेच्या जागी नवी हवा कोठून येणार, हे ठरल्याशिवाय कितीही मोठा फॅन लावला तरी बूथ सुरक्षित होत नाही.

धोका किती मोठा आहे, हे थिनरमध्ये नेहमी आढळणाऱ्या टोल्युइनवरून समजते. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडाले, तर त्याची सुमारे २२५ लिटर वाफ होते आणि हवेतील तिचे प्रमाण १.१ टक्क्यांच्या आसपास गेले की एका ठिणगीने ती पेट घेऊ शकते. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सुमारे २.४ मीटर उंच अशा बंद खोलीतील जवळजवळ सगळी हवा पेटण्याजोगी करायला ते एक लिटर पुरेसे असते. शिवाय ही वाफ हवेच्या तिप्पट जड असल्याने सांडलेल्या थिनरची वाफ आधी जमिनीलगत पसरते आणि नाकाला फारसा वास येत नसतानाही खाली ठेवलेल्या हीटरपर्यंत किंवा एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत पोहोचते.

समोरून उघड्या असलेल्या बूथच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर असावा, हा जुना आणि उपयोगी मापदंड आहे. तोंड ०.९ मीटर रुंद आणि तेवढेच उंच असेल, तर क्षेत्रफळ ०.८१ चौरस मीटर होते आणि तासाला सुमारे १,४६० घनमीटर हवा ओढावी लागते. मात्र फॅनच्या खोक्यावरील आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर आणि डक्ट (हवा बाहेर नेणारा नळ) जोडल्यावर साधा एक्झॉस्ट फॅन त्यापेक्षा बरीच कमी हवा ओढतो, म्हणून दाबाविरुद्ध किती हवा मिळते हे पाहूनच निवड करावी. डक्ट धातूचा, आखूड, शक्य तितका सरळ आणि अर्थिंग केलेला असावा. त्याचे तोंड कोणाच्याही खिडकीजवळ येऊ देऊ नये.

मोटर हवेच्या प्रवाहात असता कामा नये. ती डक्टबाहेर ठेवून बेल्टने पंखा फिरवावा किंवा अशा कामासाठीच बनवलेला फ्लेमप्रूफ फॅन घ्यावा, आणि पाती आवरणाला घासून ठिणगी पडणार नाही अशी रचना पाहावी. ब्रश असलेल्या मोटरमध्ये ठिणग्या पडतच असतात, म्हणून ती येथे पूर्णपणे वर्ज्य समजावी. स्विच, कॉम्प्रेसर आणि दिवेही बूथबाहेर असावेत. दिव्याचा उजेड पक्क्या बसवलेल्या काचेतून आत घ्यावा.

आता आत येणाऱ्या हवेकडे वळू. फॅन चालू असताना खोलीचे दार उघडायला जड जात असेल, तर हवा अपुरी येत आहे असे खात्रीने समजावे. अशा वेळी खोलीतील दाब कमी होतो आणि घरात गॅसचा गिझर असेल, तर त्याच्या धुराड्यातील कार्बन मोनॉक्साइड उलट घरात ओढला जाऊ शकतो. म्हणून हवा येण्याची जागा बूथच्या तोंडासमोरच्या भिंतीत आणि शक्यतो तेवढ्याच क्षेत्रफळाची असावी. थिनरचा डबा उघडण्यापूर्वी फॅन चालू करून टिश्यू पेपरची एक अरुंद पट्टी बूथच्या तोंडाच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी धरून पाहावी. ती सगळीकडे आत झुकली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात लोंबकळत राहिली किंवा बाहेर वळली, तर तेथून तुषार तुमच्याकडे परत येतील.

उभे राहण्याची जागाही महत्त्वाची आहे. पाठीमागून येणारी हवा शरीराला वळसा घालून जाते, तेव्हा छातीसमोर भोवरा तयार होतो आणि तो फवाऱ्याचे धुके थेट चेहऱ्याकडे आणतो. प्रवाहाला बाजू देऊन उभे राहावे आणि वस्तू फिरत्या पाटावर ठेवून ती फिरवावी, म्हणजे आपल्याला तिच्या पलीकडे जावे लागत नाही.

फिल्टर रंगाचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. तो किती भरला हे कळण्यासाठी पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरावे आणि एक टोक फिल्टरच्या मागे जोडून दुसरे उघडे ठेवावे. नव्या फिल्टरच्या वेळी दोन बाजूंच्या पातळीतील फरक खुणेने नोंदवावा. तो स्पष्टपणे वाढला की फिल्टर बदलावा.

उत्तम वायुवीजन असले तरी सेंद्रिय वाफेसाठीचा काडतुसाचा (वाफ शोषणारी डबी बसवलेला) मास्क लागतोच. हार्डनर मिसळावे लागणारे दोन घटकांचे पीयू मात्र घरी फवारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो, त्याचा वास धोक्याची सूचना वेळेवर देत नाही आणि त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो.

फवारणी संपल्यावर वस्तू बूथमध्येच वाळू द्यावी आणि तोवर फॅन चालू ठेवावा, कारण ओल्या थरातून वाफ निघतच असते. नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि जवसासारखी वाळणारी तेले यांच्यासाठी एकच फिल्टर वापरू नये, कारण त्यांचे साठलेले थर आपोआप तापून पेटू शकतात. काढलेला फिल्टर लगेच पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात बुडवून घराबाहेर ठेवावा.