फक्त टोटल देतो म्हणून डेटा सुरक्षित? कागदावर ट्रॅकर करून बघा

ज्यांच्याकडे लोकांचा डेटा असतो, पगार म्हणा, आजार म्हणा, मार्क्स म्हणा, त्यांच्याकडून एक वाक्य मी सारखं ऐकतो की आम्ही कुणाची नोंद दाखवत नाही, फक्त टोटल आणि सरासरी देतो. त्याने भागत नाही हे 1970 च्या दशकातच दाखवून झालंय, आणि ट्रॅकर नावाची ती युक्ती, म्हणजे चालणाऱ्या प्रश्नांची उत्तरं जोडून लपवलेला आकडा काढणं, तुम्हाला अर्ध्या तासात कागद-पेन घेऊन स्वतः करून बघता येते. एक्सेल असेल तर अजून सोपं.

आधी टेबल बनवा. ऑफिसातली 12 माणसं, 6 बायका 6 पुरुष. कॉलम तीनच, विभाग, स्त्री की पुरुष, आणि पगार. अकाउंट्समध्ये 4 जण ठेवा, त्यात एकच मॅडम, पगार 52,000, आणि तीन पुरुष, 38,000, 41,000 आणि 45,000. इतर विभागातले तीन पुरुष 36,000, 38,000, 42,000 आणि पाच बायका 35,000, 40,000, 43,000, 44,000, 46,000. सगळ्यांची बेरीज 5,00,000 यायला हवी, नसेल तर कुठेतरी चुकलंय, परत बघा.

आता नियम लावा. या डेटाबेसला फक्त काउंट आणि बेरीज विचारता येते, आणि उत्तरात 3 पेक्षा कमी किंवा 9 पेक्षा जास्त माणसं येत असतील तर उत्तर नाही. वरची मर्यादा कशाला असं वाटेल, पण ती नसेल तर "मॅडम सोडून बाकी सगळे" असं विचारून 4,48,000 मिळतात आणि 5,00,000 मधून वजा केले की झालं.

आता मॅडमचा पगार काढा. सरळ विचारलं तर नकार, कारण माणूस एकच. मग विचारा अकाउंट्सच्या सगळ्यांची बेरीज, 4 जण आहेत, उत्तर मिळतं 1,76,000. मग अकाउंट्समधले पुरुष, 3 जण, चालतंय, 1,24,000. वजाबाकी करा, 52,000. नियम कुठेच मोडला नाही आणि पगार हातात! "अकाउंट्समधले पुरुष" ही जी मधली अट आहे ना, तिलाच ट्रॅकर म्हणतात. जर्मनीत यान श्लोरर या संशोधकांनी 1975 मध्ये वैद्यकीय डेटाच्या संदर्भात हा धोका मांडला होता, म्हणजे तिथे पगाराच्या जागी पेशंटचा आजार होता.

इथे कुणी म्हणेल की प्रत्येक माणसासाठी नवीन ट्रॅकर शोधावा लागेल, किती जण करतील. म्हणून पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डोरोथी डेनिंग, पीटर डेनिंग आणि मेयर श्वार्ट्झ या संशोधकांनी 1979 मध्ये दाखवलं की एकच जनरल ट्रॅकर सगळ्यांना पुरतो. अट एवढीच की त्यात किमान मर्यादेच्या दुप्पट तरी माणसं हवीत आणि बाहेरही तेवढीच उरायला हवीत. आपल्याकडे मर्यादा 3, म्हणजे 6 आत 6 बाहेर, "सगळ्या बायका" अगदी फिट बसतं. आता विचारा "बायका किंवा अकाउंट्समधली स्त्री", 6 जण, 2,60,000. मग "पुरुष किंवा अकाउंट्समधली स्त्री", 7 जण, 2,92,000. दोन्ही मिळवा, 5,52,000. यात सगळं ऑफिस एकदा आलंय आणि मॅडम दोनदा, म्हणून बायकांची बेरीज 2,60,000 आणि पुरुषांची 2,40,000 वजा करा, परत 52,000. अट बदलली की माणूस बदलतो, ट्रॅकर तोच राहतो. आणि 1980 मध्ये डोरोथी डेनिंग आणि श्लोरर यांनी असा ट्रॅकर पटकन कसा शोधायचा तेही दाखवलं.

परवानग्यांनी हे थांबत नाही हे नीट समजून घ्या. डेटाबेसमध्ये ग्रँट-रिव्होक, म्हणजे परवानगी देणं आणि काढून घेणं, आपण आज रोज वापरतो, त्याची रचना पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेससाठी 1976 मध्ये मांडली आणि ते काम फार मोलाचं आहे, पण तिथे प्रश्न असतो कुणाला विचारायची परवानगी आहे, आणि इथे तर परवानगी असलेलाच माणूस उत्तरं जोडतोय.

मग करायचं काय? मर्यादा 3 ची 5 करून समाधान मानू नका. एकाच माणसाच्या दोन प्रश्नांत किती माणसं सारखी आहेत ते तपासा, म्हणजे आधीच्या प्रश्नांची नोंद ठेवावी लागते, आणि दोघांनी मिळून विचारलं तर ही तपासणी अपुरी पडते. दुसरा मार्ग उत्तरच थोडं हलवायचं. डोरोथी डेनिंग यांनी 1980 मध्ये सुचवलं की उत्तर सगळ्यांवरून न काढता त्यातल्या नमुन्यावरून काढा. यात एक काळजी नक्की घ्या, तोच प्रश्न परत आला तर तेच उत्तर द्या, नाहीतर समोरचा शंभर वेळा विचारून सरासरी काढेल आणि खरा आकडा मिळवेल. हाच धागा पुढे 2006 मध्ये डिफरन्शियल प्रायव्हसीपर्यंत गेला, म्हणजे एक माणूस डेटात असला काय नसला काय, उत्तरावरून कळू नये इतका मोजून फेरफार करायचा, आणि अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत ती वापरली गेली.

एका ठिकाणी मी स्वतः विभागवार सरासरी पगाराचा रिपोर्ट बनवून दिला होता, काउंटसकट. पुढच्या महिन्यात एक जण नवीन लागला, तोच रिपोर्ट परत गेला, आणि सरासरीला काउंटने गुणून दोन महिन्यांची वजाबाकी केली की त्याचा पगार उघड झाला, तो बिचारा मला येऊन विचारत होता की सगळ्यांना कसं कळलं. त्यामुळे आता रिपोर्ट पाठवायच्या आधी मागच्या महिन्याचा शेजारी ठेवून आधी मीच वजाबाकी करतो, आणि फरक एका-दोघांवर येत असेल तर तो विभाग दुसऱ्यात मिसळूनच आकडा देतो.