फ्रीलान्स लेखकांनो, उत्साह गळवणाऱ्या या चुका टाळा

नोकरी सोडून किंवा नोकरी सांभाळून मराठीत लिहायला लागलेली बरीच मंडळी वर्ष-दीड वर्षात एकच तक्रार करतात, "आता लिहावंसंच वाटत नाही." त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. पहाटे उठा, रोज हजार शब्द लिहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पण अशा माणसाशी अर्धा तास मोकळेपणाने बोललं की कळतं, त्याला लिखाणाचा कंटाळा आलेलाच नाही. दोन ठिकाणचे पैसे अडकलेत. एका क्लायंटने तोच मजकूर चौथ्यांदा बदलायला सांगितलाय. पुढच्या महिन्यात काम कुठून येणार याचा पत्ता नाही. अशा अवस्थेत कुणाचाही हात चालणार नाही. त्यामुळे मन घट्ट करण्याआधी कामाची घडी कुठे विस्कटलीय ते बघावं, असं माझं ठाम मत आहे.

मानधनाचं न विचारता 'हो' म्हणणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. संपादकांचा फोन येतो, "अंकासाठी लेख हवाय, दोन हजार शब्द, पंधरा जुलैपर्यंत." आपल्याला आनंद होतो, आपण होकार देऊन फोन ठेवतो. मानधन किती, कधी मिळणार, सांगितलेली रक्कम टीडीएस (मानधनातून आधीच कापला जाणारा आयकर) कापण्याआधीची की नंतरची, यातलं काहीच विचारलेलं नसतं. पैशाचं काढलं तर समोरच्याला आपण हावरट वाटू, ही भीती आपल्याकडे फार खोल आहे. पण त्याच अंकाचा कागद, छपाई, मुखपृष्ठ आणि मांडणी यांचे दर आधी ठरलेले असतात. न ठरलेली एकच रक्कम उरते, ती लेखकाची, आणि ती न ठरण्याचं कारण बहुतेकदा इतकंच असतं की लेखकाने विचारलेलं नसतं.

फोनवर अवघड जात असेल तर फोन झाल्यावर लगेच मेसेज टाका. फार मोठा नको, एवढा पुरतो:

"नमस्कार सर, विषय आवडला. २,००० शब्दांचा लेख १५ जुलैपर्यंत युनिकोडमध्ये पाठवते. मानधन किती असेल आणि साधारण कधी जमा होईल, तेवढं कळवाल का? त्याप्रमाणे वेळ राखून ठेवते."

यात कुठेही कटुता नाही, आणि पुढे वाद झालाच तर शब्दसंख्या, तारीख आणि रक्कम तिन्ही लेखी राहतात. कधी उत्तर येतं, "मानधन देता येणार नाही, पण अंक चांगल्या वाचकांपर्यंत जातो." असं काम घेऊच नये असं मी म्हणणार नाही. विषय तुमच्या पुढच्या पुस्तकाचा असेल किंवा तो अंक खरोखर तुमच्या जिव्हाळ्याचा असेल, तर जरूर लिहा. फक्त तो निर्णय लिहायला बसण्याआधी झालेला असावा. नंतर कळलेलं फुकटचं काम माणसाला आतून पोखरतं.

प्रति शब्द दराचाही एकदा शांतपणे हिशेब करा. समजा, शब्दाला १ रुपया दराने हजार शब्दांचा लेख घेतला. ब्रीफ, म्हणजे क्लायंटला नेमकं काय हवंय ते, समजून घेण्यात एक तास, दोन जणांशी फोनवर बोलून टिपणं काढण्यात तीन तास, लिखाणाला चार, दुरुस्त्यांना दोन. एकूण दहा तास, म्हणजे तासाला १०० रुपये, तेही कर आणि विजेचं बिल जमेस न धरता. हा आकडा एकदा कागदावर दिसला की दर वाढवून मागताना आवाज अडखळत नाही. दुरुस्त्यांचंही सुरुवातीलाच सांगून ठेवा. दोन फेऱ्या दरात धरलेल्या, तिसरीपासून वेगळे पैसे. आणि क्लायंटने ब्रीफच बदलला तर ते नवं काम.

सध्या अनुवादकांकडे यंत्राने केलेला अनुवाद 'फक्त तपासून द्या' म्हणून येतो, निम्म्याहून कमी दरात. होकार देण्याआधी त्यातला २०० शब्दांचा तुकडा मागून घ्या आणि घड्याळ लावून दुरुस्त करा. मराठीच्या बाबतीत अनेकदा असं होतं की वाक्याचं क्रियापद, लिंग आणि विभक्ती सावरण्यापेक्षा नव्याने लिहिणं लवकर होतं. तसं असेल तर तसं सांगून पूर्ण अनुवादाचा दर मागा.

बिल पाठवून गप्प बसणं

काही जण तर बिलच पाठवत नाहीत, छापून आल्यावर पैसे आपोआप येतील असं धरून चालतात. लेख दिला त्याच दिवशी इनव्हॉइस द्या. त्यावर क्रमांक, तारीख, कामाचं नाव, शब्दसंख्या, पॅन, बँक खात्याचा तपशील आणि पैसे देण्याची मुदत असू द्या.

कंपन्या आणि जाहिरात एजन्सींसाठी नियमित लिहीत असाल तर 'उद्यम' ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन होते, आधार आणि पॅनवर होते आणि तिला शुल्क नाही. शुल्क मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही असं समजा. २००६च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट' या व्याजदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रारीपर्यंत जायची वेळ क्वचितच येते. कारण २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून असे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय कंपनीला करासाठी दाखवता येत नाही. त्यामुळे इनव्हॉइसवरचा उद्यम क्रमांक अकाउंट्स विभागातली माणसं नीट वाचतात.

लहान नियतकालिकांशी मात्र या भाषेत बोलू नका. तिथे संपादक बहुधा स्वतःच जाहिरातींच्या वसुलीत अडकलेला असतो. महिन्याने एक साधी आठवण, दुसऱ्या महिन्यात फोन, आणि तरीही काही झालं नाही तर पुढच्या वर्षी त्या अंकाला नकार.

टीडीएस कापला म्हणजे पैसे गेले असंही समजू नका. व्यावसायिक मानधनावर साधारण दहा टक्के कापले जातात, पॅन दिला नाही तर वीस. कापलेली रक्कम आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर दिसते, आणि एकूण उत्पन्नावर तेवढा कर बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळते. रिटर्न न भरल्यामुळे हे पैसे सोडून देणारे कितीतरी लेखक आहेत आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

वर्षाचा आराखडा न करणं

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. मे-जूनमध्ये निमंत्रणं येतात, जुलै-ऑगस्टमध्ये लेख जातात, गणपतीच्या सुमारास मुद्रितं तपासायला येतात. त्या काळात माणूस चार-पाच ठिकाणी शब्द देऊन बसतो आणि रात्री जागून लिहितो. मग दिवाळी होते आणि शुकशुकाट. मानधनं मागे-पुढे येत राहतात, नवं काम नसतं. नेमकं याच दिवसांत बहुतेकांना वाटायला लागतं की आपल्याला हे जमणार नाही. खरं तर दोष कॅलेंडरचा असतो.

दिवाळीनंतरचे चार महिने भरायचे तर त्याची बोलणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावी लागतात. लांब पल्ल्याचा अनुवाद या काळात उत्तम बसतो, कारण त्यात रोजचं काम ठरलेलं असतं आणि प्रकाशकाकडून टप्प्याटप्प्याने पैसे मागता येतात. ऑडिओ कथा, सबटायटल्स, माहितीपटाची संहिता, संस्थांच्या स्मरणिका, कुणाचं तरी आत्मकथन शब्दबद्ध करणं, हेही आहे. दिवाळीआधीच्या महिन्यांतलंही एक काम अनेकांच्या नजरेतून सुटतं, ते म्हणजे सहकारी बँका आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. त्याआधी अध्यक्षांचं मनोगत आणि संस्थेचा आढावा नीट मराठीत लिहून देणारं माणूस त्यांना हवं असतं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या लेखकाला हे काम घराजवळ मिळू शकतं. फक्त ते एप्रिल-मेमध्येच मागून घ्या, नाहीतर ऐन दिवाळी अंकांच्या गर्दीत येऊन पडतं.

'मला लिहायला आवडेल' असा मेल करणं

उत्तर न येणं हे नकारापेक्षा वाईट, हे मान्य. पण आपण काय पाठवलं तेही बघू या. 'मला आपल्या पुरवणीसाठी लिहायला आवडेल, कुठल्याही विषयावर लिहू शकेन' या मेलला संपादकाने काय उत्तर द्यावं? त्याला विषय हवा असतो, तोही कापून नेमका केलेला. 'वारीवर लेख' असं लिहिलं तर तो पुढे वाचणार नाही, कारण वारीवरचे लेख त्याच्याकडे ढिगाने येतात. त्याऐवजी असं लिहून पाहा: "पालखी मार्गावर दिंड्यांना पाणी पुरवणाऱ्या टँकरचालकांचा दिवस कसा जातो, यावर ९०० शब्द. लोणंद ते फलटण या टप्प्यावरच्या दोन चालकांशी आणि एका दिंडीप्रमुखांशी बोलणार आहे. फोटो माझे असतील. पालखी निघण्याच्या आठवडाभर आधी लेख देते." विषय, माणसं, जागा, शब्दसंख्या, तारीख सगळं चार ओळींत आलं. हा मेल पालखी निघण्याच्या पाच-सहा आठवडे आधी जायला हवा. प्रस्थानाच्या दिवशी सुचलेल्या विषयाला पुरवणीत जागा उरलेली नसते.

फॉन्टमुळे किती लेख वाया जातात याची कल्पना बाहेरच्यांना येणार नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल समोरच्याकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात, आणि कामाच्या घाईत संपादक ती बाजूला ठेवतो. युनिकोडमधली, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी, वर्ड फाइल द्या, सोबत पीडीएफ द्या म्हणजे जोडाक्षरं ताडून बघता येतील. फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, वेगळे पाठवा आणि खाली ओळी लिहा.

दहा-बारा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. तरीही शांतता असेल तर 'हा लेख आता दुसरीकडे देत आहे' असं कळवून मोकळे व्हा. पण एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी कधीही पाठवू नका. मराठी संपादकांचं जग लहान आहे, दोन्हीकडे छापून आला तर पुढची कित्येक वर्षं ते लक्षात राहतं.

हक्कांचा कागद न वाचता सही करणं

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतः असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे' अशी ओळ दिसली की थांबा आणि विचारा. एका अंकात छापण्यापुरता हक्क द्या, पुस्तकाचा आणि ऑडिओचा स्वतःकडे ठेवा. सध्या कथा श्राव्य माध्यमात जाण्याचं प्रमाण वाढलंय, त्यामुळे हे आता पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं झालंय. मालिका-सिनेमासाठी लिहिणाऱ्यांनी कथाकल्पना कुणाला ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन तिथे ती नोंदवावी.

घरी आहे म्हणजे मोकळी आहे, हे चालवून घेणं

सिलिंडर येणार, पाहुणे येणार, बँकेत जायचंय. "तू घरीच असतेस ना" हे वाक्य विशेषतः बायकांच्या वाट्याला येतं. कामाच्या वेळा दाराशी लिहून लावल्या तरी चालेल, पण घरच्यांना त्या ठाऊक असाव्यात. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका हा चांगला आसरा आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे सकाळपासून बसलेली असतात, त्यांच्या शेजारी बसल्यावर आपणही फोन बाजूला ठेवतो.

आणि त्या वेळेतला पहिला तास स्वतःच्या लिखाणाला द्या, क्लायंटच्या मेलला नव्हे. ज्या कथेसाठी किंवा पुस्तकासाठी आपण या वाटेला आलो, ते वर्षानुवर्षं बाजूला पडलं की पैसे वेळेवर येत असूनही मन लागेनासं होतं. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. प्रवेशिका मागवल्याची सूचना आली की हस्तलिखित पूर्ण असावं लागतं, त्यामुळे लिखाण सूचनेची वाट न बघता चालू ठेवा.