हेटॅटमच्या ओळी उडवण्याआधी

कोरोनाचा स्पाइक (विषाणूवरचं काट्यासारखं प्रथिन) आपल्या पेशींवरच्या एसीई२ या प्रथिनाला कसा चिकटतो, याचं संगणकावरचं मॉडेलिंग शिकताना बहुतेक जण प्रथिनरचनांच्या पीडीबी साठ्यातली ६एम०जे ही रचना घेतात. निवड उत्तम आहे: २.४५ अँगस्ट्रॉमचं रिझोल्यूशन, ए साखळीत एसीई२, ई साखळीत आरबीडी (स्पाइकचा चिकटणारा भाग). घोळ होतो तो लगेच पुढे. ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर एनएजी (प्रथिनाला जोडलेली एक साखर) या नावावर अडतं, मग कुणाची तरी तयार स्क्रिप्ट फाइलमधल्या हेटॅटमच्या (प्रथिनाबाहेरच्या अणूंच्या) सगळ्या ओळी उडवते. पाण्याबरोबर जस्त आणि ग्लायकनही (प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्या) जातात. त्यानंतर सगळं विनातक्रार चालतं, म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. अशा उसन्या स्क्रिप्ट न वाचता वापरू नका.

जस्ताला एसीई२मधली हिस्टिडीन ३७४, ३७८ आणि ग्लुटामेट ४०२ ही अमिनो आम्लं (आकडा म्हणजे साखळीतलं स्थान) धरून असतात. ते काढलं की सक्रिय खोबणीचा आधार जातो, आणि या हिस्टिडीनचं प्रोटोनेशनही (हायड्रोजन कुठे बसतो ते) चुकीचं ठरू शकतं. ग्लायकन तर थेट बंधाच्या जागेशी. एसीई२च्या एन९०वरचा (९०व्या जागच्या अ‍ॅस्परॅजिनवरचा) ग्लायकन आरबीडीच्या वाटेत येतो. टी९२ (९२व्या जागचं थ्रिओनीन) बदलून तो बसूच दिला नाही तर बंध घट्ट होतो, हे २०२०च्या प्रयोगांत दिसलं आहे. एन३२२वरचाही आरबीडीला टेकू शकतो. शिवाय फाइलमध्ये ग्लायकनचं फक्त बूड असतं, पुढचा भाग क्रिस्टलमध्ये दिसत नाही. तो चार्म-जीयूआय या वेब-साधनात बांधून घ्या, आरबीडीच्या एन३४३वरचासुद्धा. बांधताना कधी साखरेतला एखादा रासायनिक बंध अणूंच्या एखाद्या कड्यातून आरपार जातो आणि मिनिमायझेशन (रचनेची ऊर्जा कमी करण्याची पायरी) फुटतं. हे सगळ्यांचंच होतं, घाबरू नका. टॉर्शन कोन (बंधाभोवतीचा पीळ) फिरवून पुन्हा चालवा. ग्लायकनशिवायच काम करायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि एन९०जवळच्या म्युटेशनवर निष्कर्ष काढू नका.

बाकीचं नेहमीचंच: ३१० केल्विन, ०.१५ मोलार मीठ, २ फेम्टोसेकंदांची पायरी. आरबीडीतला ४८०–४८८चा डायसल्फाइड (दोन सिस्टीनमधला गंधकाचा बंध) मात्र डोळ्यांनी तपासा. वेगवेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी किमान तीन रन (सिम्युलेशनच्या फेऱ्या) काढा. एकाच लांबलचक रनवर पेपर लिहायला सांगणाऱ्या गाइडशी इथे वाद घालावा, असं माझं ठाम मत आहे.

एमएम/पीबीएसए या बंध-ऊर्जेच्या अंदाजपद्धतीने उणे ६० किलोकॅलरी दाखवले तर तो आकडा बंधाची ऊर्जा म्हणून छापू नका. १५ नॅनोमोलरचा केडी (विघटन स्थिरांक; जितका लहान तितका बंध घट्ट) म्हणजे सुमारे उणे ११ किलोकॅलरी प्रति मोल. एन्ट्रॉपी वगळली की आकडा फुगतो. मूळ आणि म्युटंट यांतला फरक बघा, तोही रन-रनमधल्या चढउतारापेक्षा मोठा असेल तरच धरा. केडी दहापट बदलला तरी फरक जेमतेम १.४ किलोकॅलरी असतो.