सीझनिंग भट्टी सुधारताय? या चुका टाळा

लाकूड सुकवण्याची सीझनिंग भट्टी सुधारायची ठरली की पहिली चौकशी नव्या कंट्रोलरची होते. आत्ता लाकूड नेमकं कुठे बिघडतंय, हे मात्र कोणी तपासत नाही. आधी निदान दहा लोडच्या (लोड म्हणजे एका वेळी भट्टीत भरलेला माल) नोंदी हव्यात: लाकडाची जात, जाडी, भरताना आणि काढताना ओलावा, लागलेले दिवस, चिरा पडलेल्या व पिळलेल्या फळ्या. नोंदी नसतील तर खरेदी पुढे ढकला.

ओलाव्यासाठी नुसत्या पिन मीटरवर (लाकडात टोचून ओलावा दाखवणाऱ्या मीटरवर) विसंबू नका. 30 टक्क्यांच्या वर त्याचा भरवसा नसतो, आणि गरम लाकडात तो आकडा चढवून दाखवतो. भट्टीत अधूनमधून तोलायला नमुना फळी ठेवा. फळीच्या टोकापासून 40 सेंमी सोडून 25 मिमीचा काप घ्या, लगेच तोला आणि 103 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ओव्हनमध्ये सुकवा. 148 ग्रॅमचा काप 100 ग्रॅमवर थांबला, तर ओलावा 48 टक्के. लगतची नमुना फळी तेव्हा 5.92 किलोची असेल तर तिचं कोरडं वजन 4 किलो, ती 4.40 वर आली की ओलावा 10 टक्के. नमुन्याला सगळ्यात जाड, ओली, गाभ्याकडची फळी घ्या.

सर्वांत जास्त माल जातो तो शेवटच्या कंडिशनिंगला, म्हणजे दमट हवेने लाकडातला ताण घालवण्याला, फाटा दिल्यामुळे. ऑर्डरची घाई असते, मीटर 8 टक्के दाखवतो, भट्टी उघडली जाते. फळ्या सरळ, एकही चीर नाही. मग फळी जाडीत चिरायला घेतली की ती करवतीचं पातं आवळते आणि दोन्ही अर्ध्या फळ्या आतल्या बाजूला वाकतात. दोष लाकडाला दिला जातो. खरं कारण वेगळं असतं: सुरुवातीला पृष्ठभाग घाईने सुकला, ताणलेल्या अवस्थेतच कडक झाला, आणि गाभा नंतर आकसला. म्हणून शेवटी भट्टीतली आर्द्रता वाढवायची, इतकी की हवेचा समतोल ओलावा (त्या हवेत लाकूड ज्या ओलाव्यावर स्थिरावतं तो) लाकडाच्या ठरवलेल्या अंतिम ओलाव्यापेक्षा 3 ते 4 टक्के-अंकांनी वर राहील. 25 मिमी कठीण लाकडाला यासाठी साधारण एक दिवस द्यावा लागतो. मग फळीचा आडवा काप घ्या, त्याच्या जाडीतला मधला भाग एका बाजूने काढून काट्यासारखे दोन दाते ठेवा आणि काप एक दिवस खोलीत ठेवून पाहा. दाते आत झुकले तर ताण बाकी आहे. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून लाकूड सुकवणारी) भट्टी घेणार असाल तर वाफेची किंवा बारीक फवाऱ्याची सोय आराखड्यातच धरा. ती नंतर बसवणं फार कटकटीचं जातं.

पंखे मोठे करण्याआधी थप्पीच्या वरची आणि बाजूची मोकळी जागा पडद्यांनी बंद करा, कारण हवा सोपी वाट शोधते. फळ्यांच्या थरांमधल्या पट्ट्या एकाच जाडीच्या, 40 ते 60 सेंमी अंतरावर, खालपासून वरपर्यंत एका ओळीत हव्यात. पंख्यांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) जरूर लावा. वेग 20 टक्के कमी केला की वीज जवळपास निम्मी लागते. पण लाकडाचा ओलावा 25 टक्क्यांच्या खाली गेल्यावरच वेग उतरवा.

वेट बल्ब, म्हणजे भट्टीतली आर्द्रता मोजणारा ओल्या वातीचा थर्मामीटर, त्याची वात कडक झाली की खोटं वाचतो. प्रत्येक लोडला नवी वात घाला.

25 आणि 50 मिमी जाडीच्या फळ्या एकत्र भरू नका. जाड मालाला तिप्पट वेळ लागू शकतो.

गोदाम विसरू नका. 25 अंशांना 65 टक्के आर्द्रतेत 8 टक्क्यांचं लाकूड हळूहळू 12 टक्क्यांकडे जातं.